साठ हजार पिंपांची पोकळी

१

मंगळवार, एकवीस एप्रिल २०२०. अमेरिकेतल्या कुशिंग गावी, तेल साठवायच्या रेडबड टर्मिनलवर सकाळी सात वाजता सत्तेचाळीस नंबरची टाकी मोजली, आणि तीत साठ हजार पिंपं तेल जास्त निघालं.

कमी निघालं असतं तर एक वेळ समजलं असतं. तेल गळतं, मोजणारा चुकतो, क्वचित कोणी हातही मारतं. पण शुक्रवारी पहाटे मोजून ठेवलेल्या टाकीत चार दिवसांत साडेअकरा फूट चढ झाला होता. टर्मिनलमध्ये येणाऱ्या तिन्ही पाइपलाइनींचे मीटर सांगत होते की या चार दिवसांत सत्तेचाळीसकडे थेंबभर तेल वळलेलं नाही. शेजारच्या टाक्यांतलंही काही कमी झालेलं नव्हतं.

टर्मिनलचा मॅनेजर रॉइस टेबर याचा फोन आला तेव्हा ओलीटा ग्रेसन स्वयंपाकघरात पावासारख्या मऊ बिस्किटांवर सॉसेजची ग्रेव्ही ओतत होती.

"ओलीटा, मास्क लाव आणि निघ."

"काय चोरीला गेलं?"

"गेलं काही नाही. वाढलंय."

"तेल?"

"साठ हजार पिंपं."

ओलीटानं डाव खाली ठेवला. "रॉइस, काल दुपारी लोक 'तेल घेऊन जा' म्हणून वर पैसे देत होते हे खरं. पण म्हणून कोणी गुपचूप तुझ्या टाकीत साठ हजार पिंपं आणून ओतेल?"

"तेच म्हणतोय मी. कोणी ओतलेलं नाही. ते आधीपासूनच तिथं होतं. शुक्रवारी हार्लननं मोजणीची खोटी चिठ्ठी लिहिली."

हार्लन सिक्सकिलर बेचाळीस वर्षं टाक्या मोजत होता. मोजपट्टीच्या टोकाचा ओळंबा हातात कसा धरायचा हे तिला त्यानंच शिकवलं होतं.

"चारच्या आत निकाल लिहून हवाय," टेबर म्हणाला. "मे महिन्यात कोणाचं तेल कुठल्या टाकीत, ते वेळापत्रक चारला बंद होतं. त्यानंतर देव आला तरी बदलत नाही."

२

ओलीटा एकसष्ट वर्षांची होती. तीस वर्षं नोकरीत टाक्या मोजल्यावर ती स्वतंत्र तपासनीस झाली. विकणारा आणि घेणारा यांचं मोजमापावरून वाजलं की दोघंही तिला बोलवत आणि ती लिहून देईल ते मुकाट्यानं मानत. तिची सगळी विद्या एका ओळीत मावायची: आलं किती, गेलं किती, उरलं किती. एका टाकीचा मेळ असाच लागतो आणि साऱ्या जगाचाही.

जगाचा मेळ त्या महिन्यात पार फिसकटला होता. एरवी जग रोज दहा कोटी पिंपांच्या घरात तेल जाळतं. महामारीनं विमानं जमिनीवर बसवली, गाड्या दारात उभ्या केल्या, आणि खप दोन कोटी पिंपांहून जास्त घसरला. विहिरी मात्र उपसतच होत्या, कारण तेलाची विहीर घरच्या नळासारखी बंद करता येत नाही. उरलेलं तेल टाक्यांत, जहाजांत, मिळेल त्या कोपऱ्यात साचत गेलं. कुशिंगला नजर पोचेल तिथवर टाक्याच टाक्या आहेत, पण त्यांतला रिकामा फूटन् फूट कोणी ना कोणी आगाऊ धरून ठेवला होता. सोमवारी दुपारी, ज्यांच्या गळ्यात तेल होतं आणि ठेवायला जागा नव्हती त्यांनी हात टेकले. भाव शून्याच्या खाली सदतीस डॉलरवर गेला.

सत्तेचाळीसमधली साठ हजार पिंपांची जागा छत्तीस कुटुंबांनी मिळून धरली होती. हे छोटे विहिरीवाले. प्रत्येकाच्या आजोबा-पणजोबांच्या वेळच्या आठ-दहा विहिरी, दिवसाला पाच-सात पिंपं देणाऱ्या. अशी म्हातारी विहीर महिनाभर थांबवली की तिच्यात खालून पाणी चढतं आणि मग ती पुन्हा उठत नाही. जागा गेली तर मे महिना सरेपर्यंत त्यांतल्या निम्म्या विहिरी कायमच्या बसल्या असत्या.

फाटकातून आत वळलं की डाव्या हाताला आग विझवायच्या पाण्याचं तळं लागतं, पाच एकरांचं. गेल्या आठवड्यात दोन दिवस चांगला पाऊस झाला होता. तरी तळ्याच्या काठाला सगळीकडून ओल्या लाल चिखलाचा पट्टा उघडा पडला होता आणि एक बगळा त्यात उभा राहून निवांत जेवत होता. ओलीटानं ट्रकचा वेग कमी केला, बगळ्याकडे पाहिलं आणि ती पुढे गेली.

कचेरीत टेबरनं उजवा पाय खुर्चीवर पसरला होता. गुडघ्याची शस्त्रक्रिया त्यानं दोनदा पुढे ढकलली होती. त्याच्यासमोर नियोजक वेंडेल क्रॉस उभा होता, पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. कुठल्या पाइपलाइनचं तेल कुठल्या टाकीत जाईल हे वेंडेल त्याच्या टेबलावरून बटणं दाबून ठरवायचा. त्यानं डोनटचा खोका पुढे केला.

"घ्या, मिस ओलीटा. तुम्ही काही खाऊन आला नसाल."

"खाताखाताच उठवलं तुझ्या साहेबानं." तिनं एक उचलला. "टाकीवर आपोआप मोजणारं यंत्र आहे ना? त्याला चार दिवस काही दिसलं नाही?"

"ते गुरुवारपासून बंद आहे. मी तक्रार नोंदवली होती, पण दुरुस्तीवाले सध्या येतात कुठे? म्हणून तर आज हातानं मोजावं लागलं."

"कोणी मोजलं?"

"मी वर चढलो. साहेबांनी खाली उभं राहून लिहिलं."

"हार्लन कुठे होता?"

टेबर गुरगुरला. "पासष्टच्या वरच्यांनी घरी बसायचं, असा शनिवारपासून हुकूम आहे मुख्य कचेरीचा. महामारी. शुक्रवारची मोजणी त्याची शेवटची. आणि ओलीटा, त्या छत्तीस कुटुंबांची पुढारी कोण आहे माहीत आहे ना? लोरीन पिकार्ड. हार्लनच्या बायकोची सख्खी बहीण. टाकी भरलेली असताना मेहुणीसाठी यानं रिकामी दाखवली. सरळ आहे."

"मला नाही पटत, साहेब," वेंडेल हळू आवाजात म्हणाला. "म्हाताऱ्याची नजर चुकली असेल. त्या वयात होतं. नोकरी घ्या, पण अब्रू घेऊ नका."

"शनिवार-रविवार इथं कोण होतं?" ओलीटानं विचारलं.

"मीच. हल्ली सुट्टीला एकच माणूस ठेवतात. फाटकाची नोंद बघा, कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही."

ओलीटानं दोन्ही चिठ्ठ्या मागून घेतल्या. नियमाप्रमाणे चिठ्ठीवर पातळी असते आणि टाकीच्या वरच्या, मधल्या, खालच्या थराचं तापमान असतं, फॅरनहाइटमध्ये. शुक्रवारच्या चिठ्ठीवर हार्लनचं बारीक, उभं अक्षर होतं: अडुसष्ट, सहासष्ट, पासष्ट. मंगळवारच्या चिठ्ठीवर टेबरचं गिचमिड अक्षर होतं: सदुसष्ट, सदुसष्ट, सदुसष्ट.

तिनं त्या तीन आकड्यांवर जरा जास्तच वेळ बोट ठेवलं.

"जागेचं आता काय होणार?"

"टाकी भरलेली असेल तर करार रद्द," टेबर म्हणाला. "पुढे कधी जागा झाली तर नव्यानं भाड्यानं जाईल. ते वेंडेल बघतो."

ओलीटा उठली. "रॉइस, तू सकाळपासून तेलाचाच विचार करतोयस. आज तेलाला कोण विचारतं? तुझ्या टर्मिनलवर चोरी झाली आहे, आणि चोरीला गेली आहे ती जागा."

३

हार्लनचं घर टर्मिनलच्या कुंपणाला लागून होतं आणि लोरीनचं त्याच्या शेजारी. दोघं ओसरीवर सहा-सहा फुटांवर खुर्च्या टाकून बसली होती. लोरीन सत्तरीची होती आणि भडकलेली होती.

"आलीस? ये. तुझ्या गुरूला चोर ठरवलाय त्यांनी!"

"लोरीन, तिला बसू दे," हार्लन म्हणाला.

"बसू दे काय? माझ्या बापानं खणलेल्या अकरा विहिरी आहेत. एक तारखेला थांबवायच्या म्हणे! तुझा तो गुडघेमोडका रॉइस येणार आहे का त्यांचं पाणी उपसायला?"

ओलीटा पायरीवर बसली. "हार्लन, शुक्रवारी काय केलंत, सगळं सांगा."

"पहाटे सहाला चढलो. तीनदा पट्टी सोडली. तिन्ही वेळा सारखं आलं, एक अष्टमांश इंचाचा फरक. तो पुसून मधला घेतला."

"तापमान?"

"तीन थरांचं. प्रत्येक थराला पाच मिनिटं थांबलो."

"पाच मिनिटं? नियम तर..."

"नियम ऑफिसात बसलेल्याचा. जाड तेलात तापमापक लवकर बोलत नाही, ओली. त्याला वेळ द्यावा लागतो." तो हसला. "तू पहिल्यांदा मोजलंस तेव्हा तिन्ही सारखे आकडे लिहिले होतेस. आठवतं?"

"तुम्ही चिठ्ठी फाडून मला परत वर पाठवलं होतं. जानेवारी होता."

"रडत चढलीस."

"वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं."

"हो हो. वाराच." हार्लननं मान डोलावली. त्यानं स्वतःसाठी एकही शब्द मागितला नाही. ओलीटाला ते ठाऊक होतं. बेचाळीस वर्षांत त्याच्या चिठ्ठीवरून दोन कंपन्या एकदाही भांडल्या नव्हत्या. उन्हात, गारपिटीत, बायकोच्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशीही तो पन्नास फूट चढून गेला होता आणि अष्टमांश इंच सोडला नव्हता. असा माणूस एकाएकी साडेअकरा फूट चुकेल?

"टाकी कशी आहे?"

"उत्तम. ऑक्टोबरात तळ बदलला. मग तळ्याचं पाणी सोडून काठोकाठ भरून पाहिली. एक थेंब गळला नाही. पुढे पाणी काढलं आणि तेल भरलं. तिच्यात दोष नाही."

"दोष कुठला, सगळे दोष माणसांत," लोरीन म्हणाली. "आणि त्या रॉइसला सांग, आगीचा पंप तपासायचा तर अर्धा तास तपास. दर शनिवारी अर्धा तास घुरघुरतो, चालतं. या शनिवारी दुपारी बाराला जो सुरू झाला तो रविवारी पहाटेपर्यंत! माझी कुत्री भुंकून भुंकून आजारी पडली."

ओलीटाचा डोनट हातातच राहिला.

"पहाटेपर्यंत? नक्की?"

"मी चर्चची प्रार्थना फोनवर ऐकते हल्ली. ती सुरू होण्याआधी थांबला, देवाची कृपा. पाच वाजले असतील."

"सतरा तास," ओलीटा म्हणाली. मग तिनं खिशातून पेन्सिल काढली आणि डोनटच्या कागदावर गुणाकार मांडला. आगीचा पंप मिनिटाला अडीच हजार गॅलन टाकतो. सतरा तास. पिंपात बेचाळीस गॅलन.

उत्तर आलं तेव्हा तिनं तो कागद नीट घडी करून ठेवला.

"लोरीन, तुझ्या कुत्र्यांना माझ्याकडून हाडं दे," ती म्हणाली आणि ट्रककडे धावली.

४

दुपारी दोन वाजता सत्तेचाळीसच्या पायथ्याशी टेबर काठी टेकून उभा होता. वेंडेल शिरस्त्राण घालून तयार होता.

"मी येतो वर, मिस ओलीटा. पट्टी जड असते."

"पट्टी मी तुझ्या जन्माआधीपासून उचलतेय, बाळा. तू खालीच थांब. रॉइस, हा इथून हलला नाही पाहिजे. मला खाली आल्यावर दोघांची गरज आहे."

चढण्याआधी तिनं टाकीला एक फेरी मारली. उत्तर बाजूला जमिनीलगत एक जाड लोखंडी नळ टाकीच्या पोटात शिरत होता. पाण्यानं टाकी तपासतात तेव्हाचा तो नळ. काम झालं की त्याच्या तोंडावर लोखंडी झाकण आवळून टाकतात. झाकण होतं. पण बोल्टांवरचा सहा महिन्यांचा गंज पान्यानं खरवडला होता, आणि खरवडलेलं लोखंड चांदीसारखं चमकत होतं. खालची माती ओली होती.

ती सावकाश चढली. पन्नास फुटांवर वारा होता. खाली सगळीकडे पांढऱ्या टाक्या होत्या, शेकडो, आणि जवळपास सगळ्यांची तेलावर तरंगणारी छतं वर आलेली. जगानं न जाळलेलं तेल त्या छतांखाली गप्प उभं होतं.

आधी तिनं तापमापक सोडला. वरचा थर: पाच मिनिटं. सदुसष्ट. मधला: पाच मिनिटं. सहासष्ट. खालचा थर. तिसऱ्या मिनिटाला खालून टेबर ओरडला, "झालं का?" तिनं उत्तर दिलं नाही. पाच मिनिटांनी तापमापक वर आला. अठ्ठावन्न.

मग तिनं पोतडीतून लेपाची नळी काढली. हा पिवळा लेप ओळंब्याला आणि पट्टीला फासतात. तेलात तो पिवळाच राहतो. पाणी लागलं की लाल होतो. रोजच्या मोजणीत कोणी तो वापरत नाही. टाकीतलं तेल एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना तेवढा तो बाहेर निघतो, आणि तेव्हाही इंच-दोन इंच पाणी सापडेल म्हणून पट्टीच्या टोकालाच लावतात.

ओलीटानं पंधरा फूट पट्टीला लेप फासला. हात कोपरापर्यंत पिवळे झाले. तिनं पट्टी तळापर्यंत सोडली, थांबली, आणि हळूहळू गुंडाळायला सुरुवात केली.

पहिले साडेतीन फूट पिवळे आले. त्यानंतर लाल रंग सुरू झाला, आणि पट्टी संपेपर्यंत तो थांबलाच नाही.

५

"अकरा फूट पाच इंच पाणी," ओलीटानं टेबरच्या टेबलावर पट्टी पसरली. लाल डाग अजून ओले होते. "तुझ्या टाकीत एक पिंपही तेल वाढलेलं नाही, रॉइस. शुक्रवारी होतं तेवढंच आहे. त्याच्या खाली कोणी तरी तळं ओतलंय."

टेबर पट्टीकडे बघत राहिला. वेंडेल आधी सावरला.

"पावसाचं असेल. गेल्या आठवड्यात केवढा झाला! छताच्या कडेनं आत झिरपतं कधी कधी."

"हां. पावसानं टाकी भरली. मग तोच पाऊस पडून तळं दीड फूट खाली कसं गेलं?"

वेंडेलनं खिडकीतून तळ्याकडे पाहिलं.

"पाच एकर तळं, दीड फूट उतरलं. काढ हिशेब. साठ हजार पिंपं येतात, थोडं इकडे-तिकडे. आगीचा पंप मिनिटाला अडीच हजार गॅलन टाकतो. शनिवारी दुपारी बारा ते रविवारी पाच. काढ हिशेब. पुन्हा साठ हजार." तिनं खुर्ची ओढली. "सकाळपासून तुम्ही तेलाचे मीटर बघताय. तिन्ही पाइपलाइनींचे मीटर खरं बोलत होते, शेजारच्या टाक्या खरं बोलत होत्या, हार्लनची चिठ्ठीही खरं बोलत होती. सगळे खरे असतील तर जे आत आलं ते तेल नव्हे. या टर्मिनलवर मीटर नाही अशी एकच वस्तू आहे, आणि तिला मालकही नाही."

"पाणी," टेबर पुटपुटला.

"युक्ती बघण्यासारखी आहे, हे मी लपवणार नाही. तेल घुसवलं असतं तर ते कोणाचं हा प्रश्न आला असता. पाण्याला कोण विचारतो? छत वर येतं, टाकी भरलेली दिसते, करार रद्द होतो, बदनामी एका म्हाताऱ्याच्या वाट्याला जाते. आठवड्यानं खालची तोटी उघडून पाणी सोडून द्यायचं. टाकीतलं थोडं पाणी सगळेच सोडतात, कोणी मान वर करून बघत नाही. झाली साठ हजार पिंपांची जागा मोकळी, हव्या त्याला द्यायला."

"पंप तर कोणीही सुरू करू शकतं," वेंडेल म्हणाला. आवाज अजून गोड होता. "हार्लन कुंपणापलीकडेच राहतो, मिस ओलीटा. शेवटी मेहुणीसाठी..."

"मेहुणीची जागा तो पाण्यानं बुडवेल? विचार करून बोल." ती वळली. "रॉइस, आज सकाळची चिठ्ठी तू लिहिलीस ना?"

"माझं अक्षर आहे."

"तापमान तू पाहिलंस?"

"मी कसा बघणार? या पायानं मी गेल्या नाताळापासून टाकीवर चढलेलो नाही. वॉकीटॉकीवर आकडा यायचा, तो मी लिहायचो. आपली रीतच आहे ती, वरचा सांगतो, खालचा लिहितो. तुला काय नवीन आहे?"

"नवीन नाही. म्हणूनच विचारते. वरून काय आलं?"

टेबरनं चिठ्ठी पाहिली. त्याचा आवाज खाली आला. "सदुसष्ट. सदुसष्ट. सदुसष्ट."

"तीस वर्षांत मी एप्रिल महिन्यात तीन थरांना एक तापमान असलेली टाकी पाहिली नाही. रात्र थंड, दिवस गरम, वरचा थर वेगळा, खालचा वेगळा. आज खालचा थर अठ्ठावन्न आहे, तळ्याएवढा गार. जो माणूस तापमापक खरोखर खाली सोडेल त्याच्या हाताला तो गारठा लागेल आणि तो बोंब मारेल. ज्याला खाली काय आहे ते आधीच ठाऊक आहे, तो वरचा आकडा तीनदा सांगेल. त्याला वाटेल, सारखे आकडे नीटनेटके दिसतात." ती वेंडेलकडे बघत होती. "तू आयुष्यभर टेबलावर बसून टाक्या हलवल्यास, बाळा. एकदा जरी जानेवारीत कोणी तुझी चिठ्ठी फाडून तुला परत वर पाठवलं असतं, तर आज तू पकडला गेला नसतास."

टेबरनं काठी उचलली, पण ती उगाच.

"शनिवार-रविवार टर्मिनलवर एकटा तू," ओलीटा पुढे म्हणाली. "पंप तुझ्या टेबलावरून सुरू होतो. यंत्र बंद असल्याची तक्रार तुझी. आणि जागा मोकळी झाली की ती कोणाला द्यायची हेही तूच बघतोस."

"का रे?" टेबरनं विचारलं. फक्त एवढंच.

वेंडेलनं मास्क खाली ओढला. गोडवा मास्कबरोबर उतरला. "का म्हणजे? साहेब, काल अख्ख्या जगात जागा नव्हती. ह्यूस्टनचा माणूस दसपट भाडं द्यायला तयार होता, आणि मला तिकडे मोठी खुर्ची. आणि आपण ती जागा कोणाला देतोय? डबक्यातून डबाभर तेल काढणाऱ्या म्हाताऱ्यांना! साठ हजार पिंपं जग एका मिनिटात पितं. त्या मिनिटासाठी एवढं?"

"जग एका मिनिटात पितं," ओलीटा म्हणाली. "त्या छत्तीस घरांना महिना लागतो ते काढायला. मे महिना. रॉइस, किती वाजले?"

"तीन चाळीस."

"पेन दे."

६

तिनं चार ओळी लिहिल्या. सत्तेचाळीस नंबरच्या टाकीत शुक्रवारच्या चिठ्ठीइतकंच तेल आहे. खाली बाहेरून सोडलेलं पाणी आहे, ते गुरुवारपर्यंत निघेल. साठ हजार पिंपांची जागा आहे. शुक्रवारची चिठ्ठी बरोबर आहे. टेबरनं तो कागद स्वतः वेळापत्रकवाल्यांकडे पाठवला, चारला नऊ मिनिटं असताना. थोड्या वेळानं, बोलावून घेतलेल्या शेरीफनं वेंडेलला फाटकाशी आपल्या गाडीत बसवलं. टेबर टेबलापाशी परत आला आणि फोनकडे बराच वेळ बघत राहिला.

"काय म्हणू हार्लनला?"

"चुकलो म्हण. दोन शब्द आहेत, रॉइस."

"तू सांग ना."

"मी मोजते. माफी मागत नाही."

टेबरनं नंबर लावला. पलीकडून हार्लननं एकच गोष्ट विचारली: पाणी काढताना तेलाचा थर हलणार, तो रात्रभर बसू देणार आहात की नाही? टेबर म्हणाला, देणार आहोत, आणि मोजायला तूच ये, हुकूम मी बघून घेतो. फोन ठेवल्यावर त्यानं मास्कच्या कडेनं डोळे पुसले आणि ओलीटाला सांगितलं की ते सॅनिटायझरमुळे.

लोरीननं संध्याकाळपर्यंत पस्तीस फोन केले. प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं: "विहिरी चालू ठेवा."

बुधवारी साडेनऊला सरकारी आकडे आले. दर बुधवारी येतात, आणि ते ऐकायला लंडनपासून सिंगापूरपर्यंत लोक कान टवकारून बसतात. हार्लनच्या ओसरीवर रेडिओ लावला होता. देशाचा तेलसाठा वाढला. पेट्रोलचा खप कोसळलेलाच. कुशिंगचा साठा सहा कोटी पिंपांच्या उंबरठ्यावर. निवेदक भराभर वाचत होता. हे आकडे शुक्रवारी सकाळी सातचे असतात. देशभरच्या मोजणाऱ्यांनी त्या पहाटे पट्ट्या सोडल्या होत्या, चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. त्यांतली एक चिठ्ठी हार्लनची होती.

"सहा कोटी!" लोरीन म्हणाली. "त्यात तुझी टाकी कुठे दिसते?"

"नाही दिसत."

"मग एवढं अष्टमांश इंच, अष्टमांश इंच कशासाठी करायचं माणसानं?"

हार्लननं रेडिओ बंद केला. जेवणाचा डबा उचलला, पोतडी खांद्याला लावली आणि ओसरीच्या दोन पायऱ्या उतरला. तिथं थांबून त्यानं खरंच विचार केला, कारण प्रश्न रास्त होता.

"चुकली असती तर दिसली असती," तो म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला.